जिन्यामागच्या कोठीत डार्करूम

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला लोकमान्य नगरात घर, वडिलांचा मेओप्टा ओपेमस एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायचं यंत्र, माळ्यावर सापडलेला, आणि त्यावर पुन्हा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढायची इच्छा. डार्करूमसाठी, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीसाठी, जागा दोन. गच्चीवरची दहा बाय बाराची खोली, तिथे नळ आणि मोठी खिडकी आहे. दुसरी तळमजल्यावर जिन्यामागची सहा बाय आठची कोठी, तिथे ना नळ ना खिडकी. कुठली घ्यावी, तिच्यात काय करून घ्यावं आणि बाजारातून काय आणावं?

कोठी घ्या. गच्चीवरच्या खोलीला नळ आहे, पण तिच्या डोक्यावर दिवसभर ऊन आहे. मे महिन्यात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो, आणि टाकीतून येणारं पाणी हात लावता येणार नाही इतकं गरम असतं. पाणी बादलीनं आत नेता येतं, थंडावा नेता येत नाही. डार्करूमला वाहता नळ लागतोच असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण प्रिंट काढताना लागतं ते तीन ट्रेमधलं रसायन, म्हणजे चित्र उमटवणारं डेव्हलपर, ते थांबवणारा स्टॉप बाथ आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर, आणि चौथ्या ट्रेमधलं साधं पाणी. फिक्स झालेला प्रिंट उजेडात आणला तरी चालतो. पाण्याच्या ट्रेमध्ये सगळे प्रिंट साठू द्या आणि शेवटी ट्रे उचलून बाथरूममध्ये न्या. माझी सगळी उमेदीची छपाई अशीच नळ नसलेल्या खोलीत झाली आहे.

यंत्रांच्या यादीकडे जाण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. चांगली डार्करूम म्हणजे जिथे आजचे दहा सेकंद आणि पुढच्या रविवारचे दहा सेकंद सारखाच प्रिंट देतात. प्रकाश, तापमान, रसायनाचा जोर आणि विजेचा दाब या चार गोष्टी स्थिर असल्या की प्रिंट बिघडला तरी कशामुळे बिघडला ते कळतं, आणि ते कळलं की माणूस शिकतो. चारही गोष्टी हलत असतील तर जर्मन लेन्स लावून काही उपयोग नाही. म्हणून पैसा आणि वेळ आधी खोलीवर घाला.

सुरुवात अंधारापासून. दुपारी बाराला, बाहेर टळटळीत ऊन असताना, कोठीत जाऊन दार लावा आणि पंधरा मिनिटं नुसते बसा. मोबाइल बाहेर ठेवा, रेडियमचं घड्याळही काढून ठेवा. डोळे सरावले की फटी आपोआप दिसू लागतात: दाराखालची, कडीच्या भोकाची, वायर आत येते तिथली, चौकट आणि भिंत यांच्यामधली बारीक भेग. प्रत्येकीजवळ खडूनं खूण करा आणि मग उजेडात त्या बुजवा. भेगांना पुट्टी, चौकटीला आतून रबराची चिकटपट्टी, दाराच्या तळाला रबरी पट्टी. त्याच्या आत जाड काळ्या कापडाचा दुहेरी पडदा लावा, दारापेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद आणि जमिनीवर थोडा लोळणारा. पुन्हा पंधरा मिनिटं बसा. समोर धरलेला पांढरा कागद दिसला नाही तर प्रिंटसाठी खोली झाली. फिल्म कागदापेक्षा कितीतरी संवेदनशील असते, तेव्हा रोल डेव्हलपिंगच्या टाकीत, म्हणजे प्रकाश न शिरणाऱ्या झाकणाच्या डब्यात, भरायचं काम रात्री करा किंवा चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे हात घालायच्या काळ्या पिशवीत, करा. टाकीचं झाकण लागलं की पुढचं सगळं स्वयंपाकघराच्या उजेडातही चालतं, फक्त स्वयंपाकाची भांडी त्यात येऊ देऊ नका.

भिंती सगळ्या काळ्या करू नका. खोली बाहेरच्या उजेडाला बंद असेल तर आत फक्त सेफलाइटचा, म्हणजे छपाईच्या कागदाला न लागणाऱ्या लाल दिव्याचा, प्रकाश आहे, आणि तो पांढऱ्या भिंतींवरून परतून आला तर काम सोपं होतं. काळा रंग हवा तो फक्त एन्लार्जरच्या मागे आणि बाजूला, दोन-तीन फूट, बिनचमकीचा. एन्लार्जरच्या डोक्यातून थोडा प्रकाश नेहमीच गळतो, आणि पांढऱ्या भिंतीवर आपटून तो कागदावर येतो. वरचं छत पांढरंच राहू द्या.

हवेकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. सहा बाय आठची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे ४८० घनफूट हवा. ती तासाला दहा वेळा बदलावी असा डार्करूमचा जुना हिशेब आहे, म्हणजे मिनिटाला ८० घनफूट. सहा इंची एक्झॉस्ट पंखा एवढं सहज करतो. पंखा ओल्या बाजूला, ट्रेच्या थोडा वर बसवा, म्हणजे फिक्सरचा वास तुमच्या नाकावरून न जाता सरळ बाहेर ओढला जाईल. हवा आत यायची वाट समोरच्या कोरड्या बाजूला, आणि तिथे जाळीबरोबर एसीचा फिल्टर किंवा फोमचा तुकडा लावा, नाहीतर एप्रिलच्या वाऱ्यात माळव्यातली काळी धूळ निगेटिव्हवर येऊन बसेल. पंख्याच्या आणि हवेच्या दोन्ही भोकांपुढे प्लायची दोन वळणांची पेटी करून आतून काळी रंगवा. हवा वळते, प्रकाश वळत नाही. दमा असलेलं कुणी घरात असेल किंवा तुम्हाला स्वतःला असेल तर पंखा बसल्याशिवाय एकही ट्रे भरू नका.

आता मांडणी. आठ फुटांच्या एका भिंतीला कोरडी बाजू, समोरच्या भिंतीला ओली, मध्ये दोन फुटांची वाट. कोरड्या बाजूला एन्लार्जर, कागद, निगेटिव्ह, टायमर. ओल्या बाजूला डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, पाणी, याच क्रमानं. ओला हात कोरड्या बाजूला जायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. ओल्या बाजूला दोन टॉवेल टांगा, एक पुसायला आणि एक फक्त शेवटचा हात कोरडा करायला.

ओल्या ओट्यासाठी इंदूरचा कुठलाही मिस्त्री कोटा सुचवेल. घेऊ नका. कोटा हा चुनखडीचा दगड आहे, स्टॉप बाथचं आम्ल त्याला खातं. कडप्पाही त्याच जातीचा, आणि संगमरवराचंही तेच. थेंब सांडेल तिथे पांढुरका, खरखरीत डाग पडतो आणि मग त्यात डेव्हलपर मुरत राहतं. ग्रॅनाइट चालतो. माझी पसंती मात्र मरीन प्लायवर फायबर ग्लासचा थर चढवून केलेल्या उथळ हौदाला आहे, चार इंच काठ, एका कोपऱ्याकडे किंचित उतार आणि तिथे बादलीत सुटणारी नळी. सांडलेलं सगळं बादलीत जातं, जमीन कोरडी राहते. उंची तीन फूट ठेवा. स्वयंपाकाचा ओटा साधारण त्याहून खाली असतो, आणि रोज रात्री तीन तास वाकून पाठ धरते.

एन्लार्जर ठेवायचं टेबल जड हवं. तुमच्या बाबतीत तळमजला आहे हे भाग्य, वरच्या मजल्यावर कुणी चाललं की वीस सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये प्रिंट हलका मऊ येतो आणि माणूस उगाच लेन्सला दोष देत बसतो. टेबल भिंतीला पक्कं करा, पण जिन्याच्या भिंतीला नको. जिना चढणाऱ्यांची पावलं तिथूनच येतात.

विजेबद्दल कडक बोलतो. हात ओले, पाय ओले, अंधार आणि जुन्या एन्लार्जरची कापडी वायर, हे एकत्र आलं की जिवाशी खेळ होतो. कोठीसाठी वेगळी लाइन, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हे आधी करून घ्या. एन्लार्जरची वायर आणि होल्डर नवीन बसवा, त्याचा धातूचा सांगाडा अर्थला जोडा. ओल्या बाजूला एकही सॉकेट नको, पंख्याचं आणि दिव्याचं बटण कोरड्या भिंतीवर ठेवा. पांढऱ्या दिव्याचं बटण मुद्दाम उंचावर, अंधारात चाचपडताना चुकून लागणार नाही अशा जागी.

विजेची दुसरी बाजू म्हणजे दाब. एन्लार्जरमध्ये साधा तारेचा ओपल बल्ब असेल तर त्याचा प्रकाश दाबाच्या मानानं फार वेगानं घटतो. दाब पाच टक्के पडला, म्हणजे २३० चा २१८ झाला, तर प्रकाश साधारण सोळा टक्के कमी होतो. फोटोच्या भाषेत हा पाव स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), चेहऱ्याच्या प्रिंटमध्ये तो उघड दिसतो. शिवाय बल्ब पिवळसर होतो, आणि मल्टिग्रेड कागदावर, म्हणजे फिल्टरच्या रंगानं ज्याचा कॉन्ट्रास्ट कमीजास्त करता येतो त्यावर, प्रकाशाचा रंग बदलला की कॉन्ट्रास्टही सरकतो. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतले कूलर-एसी चालू झाले की हे होतं. फ्रिजचा साधा स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही, तो टप्प्याटप्प्यानं उड्या मारतो. कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीव्हीटी, जुना मिळाला तर घ्या, संगणकांच्या सुरुवातीच्या काळात ते खूप विकले गेले. नाही मिळाला तर रात्री अकरानंतर छापा. तेव्हा दाबही स्थिर असतो आणि हवाही. एन्लार्जरमध्ये एलईडी बल्ब टाकायचा मोह सध्या टाळा. मल्टिग्रेड कागदाला निळा आणि हिरवा, दोन्ही प्रकाश नीट प्रमाणात लागतात. साध्या पांढऱ्या एलईडीत ते प्रमाण वेगळं असतं, मग फिल्टरवर लिहिलेल्या ग्रेडचा, म्हणजे कॉन्ट्रास्टच्या पायरीचा, भरवसा राहत नाही.

सेफलाइटसाठी पूर्वी सगळे लाल झिरोचा बल्ब लावत. त्याचा रंग वरून मारलेला असतो, टवका उडाला की तिथून पांढरा प्रकाश निघतो. त्यापेक्षा चांगल्या प्रतीचा लाल एलईडी बल्ब बरा. तपासायला जुनी सीडी घ्या, तिच्या चकचकीत बाजूवर बल्बचं प्रतिबिंब तिरकं पाहा. फक्त लाल पट्टा दिसला तर ठीक. शेजारी हिरवा किंवा निळा झाक मारत असेल तर तो बल्ब परत करा. दिवा ट्रेपासून चार फूट तरी लांब, छताकडे तोंड करून.

पण सीडीवर थांबू नका, खरी परीक्षा कागदावरच होते, आणि ती बहुतेक जण चुकीची करतात. कोरा कागद सेफलाइटखाली ठेवतात, डेव्हलप करतात, पांढरा निघाला की समाधान मानतात. कोऱ्या कागदाला जागं व्हायलाच काही प्रकाश लागतो, तेवढा उंबरठा त्यानं अजून ओलांडलेला नसतो. एन्लार्जरखाली एक्सपोजर मिळालेला कागद मात्र उंबरठा ओलांडून बसलेला असतो, त्याला सेफलाइटचा एवढासा प्रकाशही लागतो. म्हणून असं करा. सेफलाइट बंद ठेवून, पूर्ण अंधारात, निगेटिव्ह न लावता कागदाला एवढंच एक्सपोजर द्या की डेव्हलप केल्यावर तो फिकट राखाडी होईल. किती द्यायचं ते आधी एका पट्टीवर ठरवून घ्या. मग तो कागद कामाच्या जागी ठेवा, मधोमध उभी एक स्टीलची पट्टी ठेवा आणि सेफलाइट लावा. दर दोन मिनिटांनी पुठ्ठा वरून खाली सरकवत कागद झाकत जा, म्हणजे दोन, चार, सहा, आठ मिनिटांचे पट्टे होतील. दिवा बंद करा, अंधारातच कागद डेव्हलप करून फिक्स करा, मग उजेडात पाहा. ज्या पट्ट्यात स्टीलपट्टीची कड उमटलेली दिसेल, तेवढा वेळ तुमच्या सेफलाइटला चालत नाही. सहाच्या पट्ट्यात दिसली तर चार मिनिटं सुरक्षित धरा. कागद डब्यातून काढून स्टॉपमध्ये जाईपर्यंत तीन-चार मिनिटं लागतातच. कागदाचा ब्रँड बदलला की ही परीक्षा पुन्हा.

आता तापमान आणि पाणी. इंदूरमध्ये डार्करूम चालवणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे. लाला दीनदयाळ १८६६ साली बांधकाम खात्यातल्या नोकरीवर इंदूरला आले आणि १८७४ च्या सुमारास इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तेव्हाच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच वाळायच्या आत डेव्हलप करावी लागे, तीही याच उन्हाळ्यात. त्या मानानं आपलं काम खूप सोपं आहे, पण थर्मामीटरशिवाय नाही.

रसायनांच्या पाकिटांवर २० अंशांचे वेळ छापलेले असतात. मे-जूनमध्ये २० चा हट्ट सोडा. बर्फ टाकून २० वर आणलेलं डेव्हलपर पाच मिनिटांत वर चढायला लागतं आणि मग कुठल्या तापमानाला काय झालं ते कळतच नाही. त्यापेक्षा २४ अंश हे आपलं घरचं तापमान ठरवा आणि डेव्हलपरपासून शेवटच्या पाण्यापर्यंत सगळं २४ वर ठेवा. २० च्या तुलनेत २४ ला फिल्मचा वेळ साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. उदाहरणार्थ एचपी-५ ही फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये पाणी न मिसळता २० अंशांना साडेसात मिनिटं डेव्हलप करतात, २४ ला ती सव्वापाचच्या आसपास येते. पाच मिनिटांच्या खाली गेलात तर डेव्हलपर सगळीकडे सारखं लागत नाही, आकाशात पट्टे दिसतात. म्हणून उन्हाळ्यात तेच डेव्हलपर तेवढंच पाणी मिसळून वापरा. २० चे तेरा मिनिटं २४ ला नवाच्या आसपास येतात, हातात वेळ राहतो. आणि एका रसायनातून दुसऱ्यात जाताना तापमानाची उडी नको. २४ च्या फिक्सरमधून काढलेली फिल्म गच्चीवरच्या टाकीच्या ३५ अंशांच्या पाण्यात गेली तर जिलेटिन फुगून मऊ पडतं, ओरखडे उठतात आणि फार वाईट वेळ असेल तर सुरकुततं.

थंड पाण्यासाठी मे महिन्यात माठ ठेवा. आपल्याकडे तेव्हा हवा कोरडी असते, त्यामुळे चांगल्या पाझरणाऱ्या माठातलं पाणी चाळिशीच्या दिवसातही पंचविशीच्या आसपास राहतं. दोन माठ रात्री भरून कोठीच्या दाराशी ठेवले की एका बैठकीचं पाणी झालं. जुलैत हवा दमट झाली की माठ तसा गार करत नाही, पण तेव्हा हवाच उतरलेली असते. डिसेंबर-जानेवारीत उलटी गोष्ट. कोठी सोळा-सतरावर येते, डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन गारठतं आणि बारा अंशांच्या खाली तर जवळजवळ काम सोडतं. प्रिंट राखाडी, मरगळलेले येतात, काळा काळा होत नाही. डेव्हलपरचा ट्रे एका मोठ्या ट्रेमध्ये कोमट पाण्यात ठेवा. त्या बाहेरच्या पाण्यात मत्स्यालयाचा थर्मोस्टॅटवाला हीटर बुडवून ठेवता येतो, तो काचेचा असतो म्हणून पाण्याबाहेर चालू करायचा नाही आणि पाण्यात हात घालण्याआधी बंद करायचा.

पाणी कुठलं? आपल्याकडे दोन पाणी येतात, नर्मदेचं आणि बोरिंगचं. बोरिंगचं पाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम डेव्हलपरमधल्या सल्फाइट-कार्बोनेटशी मिळून पांढरा गाळ करतो, आणि फिल्म वाळताना थेंबाथेंबाचे चुन्याचे डाग सोडतो. हे डाग प्रिंटमध्ये काळ्या आकाशातल्या धुरकट वर्तुळांसारखे छापले जातात. माझी वाटणी अशी: डेव्हलपर बनवायला आरओचं पाणी, स्टॉप-फिक्सरला नर्मदेचं, प्रिंट धुवायला जे असेल ते, आणि फिल्मच्या शेवटच्या बुडीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी थेंब न धरता निथळवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात दोन रोल निघतात, त्यात कंजूषी करू नका.

नळ एक दिवसाआड येत असेल तर फिल्म वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवायची गरजही नाही. हार्डनर, म्हणजे जिलेटिन कडक करणारं रसायन, नसलेला फिक्सर वापरलात तर टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटीपालटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. तीन भरण्यांत फिल्म स्वच्छ होते, लिटरभर पाण्यात.

एन्लार्जरची तपासणी. ओपेमस हे ६ बाय ६ पर्यंतच्या निगेटिव्हचं यंत्र, बांधणी साधी आणि दणकट. पहिलं काम लेन्स काढून अंधारात मागून टॉर्च मारून पाहणं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी तंतूंची नक्षी असेल तर बुरशी आहे. कडेला थोडीशी असेल तर चालवून घ्या, मधोमध असेल तर कॉन्ट्रास्ट खाईल. नवी लेन्स घ्यायचीच झाली तर सहा भिंगांची घ्या, ३५ मिमीच्या निगेटिव्हला ५० मिमीची आणि ६ बाय ६ ला ७५ किंवा ८० मिमीची. एल-निक्कोर, रोडागॉन, कॉम्पोनॉन-एस यांपैकी जुनी पण स्वच्छ काचेची कुठलीही उत्तम. नव्या एन्लार्जरपेक्षा चांगली लेन्स आधी. छापताना लेन्सचं तोंड दोन स्टॉप बंद करा, एफ ५.६ किंवा ८. त्याहून फार बंद केलं तर बारीकपणा वाढत नाही, उलट कमी होतो.

दुसरं काम म्हणजे निगेटिव्ह, लेन्स आणि खालचा बोर्ड हे तिन्ही समांतर आहेत का ते बघणं. माळ्यावर पडून राहिलेल्या यंत्रात ते नसतात. एक सपाट आरसा बोर्डवर ठेवा. दुसऱ्या छोट्या आरशाच्या पाठीवरचा थर मधोमध मिरीएवढा खरवडून भोक करा आणि तो निगेटिव्हच्या जागी तोंड खाली करून धरा. वरून भोकातून पाहिलं की आरशात आरसा, त्यात भोक, अशी वर्तुळांची रांग दिसते. रांग सरळ खोलवर गेली तर ठीक, एका बाजूला वळत गेली तर डोकं तिकडे कललेलं आहे. खांबाच्या बुडाशी किंवा बोर्डखाली पत्र्याच्या पातळ चकत्या देऊन ती सरळ करा. हे काम तासाभराचं आहे, आणि त्यानंतर चारही कोपऱ्यांत ग्रेन, म्हणजे फिल्मचा बारीक रवा, सारखा टोकदार दिसतो. तो पाहायला ग्रेन फोकसर, म्हणजे बोर्डवर ठेवायचं भिंग, हवा, ही एक वस्तू पैसे खर्च करून घ्याच. चष्मा लावून डोळ्यांनी केलेला फोकस पुरत नाही.

रसायनांपैकी निम्मी घरी बनवता येतात, आणि तयार पाकिटांच्या किमती पाहता बनवावीच. कागदाच्या डेव्हलपरसाठी डी-७२ चं सूत्र: साधारण ५० अंशांच्या अर्धा लिटर पाण्यात मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, मग पाणी घालून एक लिटर. क्रम हाच ठेवा, एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरं टाकू नका. चिमूटभर सल्फाइट मात्र मेटॉलच्या आधी, नाहीतर मेटॉल हवेनं लगेच तपकिरी पडतं. वापरताना एक भाग हे आणि दोन भाग पाणी. रसायनं प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून घ्या आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. स्टॉपसाठी ॲसेटिक ॲसिडची बाटली घरात आणायची गरज नाही. किराणा दुकानात टाटरी म्हणून जे मिळतं ते सायट्रिक ॲसिड, लिटरला १५ ग्रॅम, वास नाही आणि काम चोख. फिक्सर तयार रॅपिड घ्या. नुसता हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, लिटरला २५० ग्रॅम, स्वस्त आहे आणि चालतो, पण सावकाश चालतो.

मेटॉलनं काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, आणि ती एकदा झाली की आयुष्यभर राहते. चिमटे वापरा, प्रत्येक ट्रेचा वेगळा. आणि कुठलंही रसायन प्यायच्या पाण्याच्या बाटलीत भरू नका, एका रात्रीपुरतंही नाही. घरात लहान मूल असेल तर कोठीला कुलूप.

कागद सुरुवातीला आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, मल्टिग्रेड, ८ बाय १०. डेव्हलपरमध्ये एक मिनिट, स्टॉपमध्ये पंधरा सेकंद, रॅपिड फिक्सरमध्ये अर्धा मिनिट, दोन मिनिटं धुणं. प्रिंट लवकर काळा होतोय म्हणून डेव्हलपरमधून आधी ओढू नका, एक्सपोजर कमी करा. फायबर कागद फार सुंदर, पण धुवायला तासभर पाणी मागतो. २ टक्के सोडियम सल्फाइटमध्ये दहा मिनिटं ठेवलं तर तो वेळ बराच घटतो, तरी सहा महिने आरसीवर हात बसू द्या. कागद हवाबंद पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडण्याआधी तीन तास बाहेर काढा. वडिलांच्या सामानात जुना कागद निघाला असेल तर एक तुकडा एक्सपोजर न देता नुसता डेव्हलप करून फिक्स करा, दुसरा सरळ फिक्स करा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिला राखाडी दिसला तर तो कागद उष्णतेनं गेलेला आहे.

फिक्सर संपला की नाही हे अंदाजानं ठरवू नका. ताज्या फिक्सरमध्ये फिल्मचा एक तुकडा किती सेकंदांत पारदर्शक होतो ते बाटलीवर लिहून ठेवा. तो वेळ दुप्पट झाला की फिक्सर फेकायचा. फेकायचा म्हणजे मोरीत नाही. त्यात चांदी विरघळलेली असते, ती सेप्टिक टँकमधले जिवाणू मारते आणि जमिनीत गेली तर बोरिंगपर्यंत पोचू शकते. जुना फिक्सर एका प्लास्टिकच्या बरणीत जमवा, त्यात भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचे गोळे टाकून आठवडाभर ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. वरचं पाणी निथळून भरपूर पाण्याबरोबर सोडा, गाळ वेगळ्या डब्यात वाळवून घरगुती घातक कचऱ्यात द्या. आपल्या शहरात कचरा वेगळा घेणारी गाडी दारात येते, तिचा इथे उपयोग करून घ्या.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा ठेवा. पहिल्या महिन्यात फक्त खोली: फटी, पंखा, आरसीसीबी, ओटा. दुसऱ्यात सेफलाइट, थर्मामीटर, चार ट्रे, चिमटे, मापं, काटा, रसायनं आणि पंचवीस कागदांचं एक पाकीट. टायमरची घाई नको, टिकटिक मोजणारं मेट्रोनोमचं ॲप मोबाइलवर लावून, मोबाइल उलटा घालून काळ्या पिशवीत ठेवला तरी सेकंद बरोबर मोजता येतात. तिसऱ्यात ग्रेन फोकसर, मल्टिग्रेडचे फिल्टर आणि कागद धरायचा ईझल. लेन्स त्यानंतर, तीही जुनी खराब निघाली तरच. रंगीत छपाईचं सध्या मनातून काढा. तिला पूर्ण अंधार आणि ३५ अंशांच्या आसपास नेमकं तापमान लागतं, आणि रसायनं छोट्या प्रमाणात मिळवणं अवघड आहे.

पहिल्या बैठकीत मोठा प्रिंट करू नका. सेफलाइटची परीक्षा, मग एका चांगल्या, नेहमीच्या उजेडात काढलेल्या निगेटिव्हची टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेगवेगळ्या सेकंदांच्या पायऱ्यांची चाचणी पट्टी. पायऱ्या ४, ५.६, ८, ११, १६, २२ सेकंद अशा ठेवा, म्हणजे प्रत्येक पायरीत अर्ध्या स्टॉपचा सारखाच फरक पडतो. चार-चार सेकंद वाढवत गेलात तर सुरुवातीच्या पायऱ्यांत मोठी उडी आणि शेवटच्या पायऱ्यांत काहीच फरक नाही, असं होतं. पट्टी वाळवून पाहा, ओला प्रिंट वाळल्यावर थोडा गडद होतो. मग त्याच वेळानं, ग्रेड दोनवर, एक पूर्ण प्रिंट काढा आणि मागे पेन्सिलीनं तारीख, उंची, लेन्सचा स्टॉप, सेकंद आणि तापमान लिहा. पुढच्या रविवारी त्याच आकड्यांचा प्रिंट पुन्हा काढा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर सारखे दिसले तर कोठी तयार आहे. दिसले नाहीत तर आधी विजेचा दाब मोजा, मग डेव्हलपरचं तापमान.